मोहिनीच्या चार्टमधला रविवार

मोहिनी वडनेरे आमच्या गल्लीत राहायला आली त्या पहिल्याच दिवशी माझं तिच्याशी वाजलं. सामानाचा टेम्पो सकाळी दहाला येईल असं तिनं फोनवर सांगितलं होतं आणि आला पावणेबाराला. मी एकतीस वर्षं नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. हजारभर माणसांच्या शिफ्टा लावल्या आणि त्यांच्या 'दोन मिनिटं उशीर झाला साहेब'च्या थापा ऐकल्या. मला उशीर सहन होत नाही. निवृत्त झालो तरी होत नाही. माझी बायको वत्सला म्हणते, "तुम्ही रिटायर झालात, तुमचं घड्याळ कधी होणार?" मी तिकडे लक्ष देत नाही.

मोहिनीनं माफी वगैरे मागितली नाही. कडेवर तीन वर्षांची सायली, कपाळावर घाम, आणि मला म्हणाली, "काका, येवल्याहून निघताना ही बापाला सोडेना. ती झोपल्यावर निघाले. तुम्हाला बोलायचंय ते बोला, पण आधी कपाट उतरवायला हात लावा."

मी मुकाट्यानं हात लावला. तिच्याशी माझं कायम असंच होत आलंय.

तिचा नवरा धनराज येवल्यातला पैठणी विणकर. घरात दोन माग, कामाला नाव, माणूस अबोल. मोहिनी निफाडकडची, आयटीआय केलेली. लग्नानंतर पाच वर्षं तिनं सासरी कांड्या भरल्या, म्हणजे मागावरच्या नळ्यांवर रेशीम गुंडाळून दिलं. काम वाईट नव्हतं, पण तिचं नव्हतं. सातपूरला विजेची बटणं आणि स्विच बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा धनराजनं 'जा' म्हटलं. माग उचलून सातपूरला आणता येत नव्हता आणि कारखाना येवल्याला नेता येत नव्हता. आठवड्याला एकदा भेटायचं ठरलं.

आमच्या कारखान्यांची आठवडी सुट्टी शनिवारी असते. रविवारी सगळी दुनिया लोळत पडलेली असते तेव्हा सातपूरला माणसं डबे घेऊन गेटवर उभी असतात. सुरुवातीला मोहिनी शुक्रवारी कामावरून सुटली की पोरीला घेऊन येवल्याची एसटी गाठायची आणि शनिवारी संध्याकाळी परत यायची. पुढे सायली शाळेत जायला लागली आणि शनिवारची सकाळची शाळा आडवी आली. साडेदहाला शाळा सुटणार, येवल्याला पोचेपर्यंत दोन वाजणार, आणि रविवारी पहाटे परत कामावर हजर व्हायचं. फेऱ्या कमी झाल्या. मग फोनवर भांडणं, मग नुसते फोन, आणि दोन वर्षांपूर्वी तेही एवढ्यावर आलं की रोज रात्री आठला धनराज व्हिडिओ कॉल करणार, सायलीशी बोलणार आणि मोहिनीशी बोलणार नाही.

आता आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. अकरा घरांची एक ओळ. बहुतेक घरांतल्या बाया कारखान्यांत, कुणी फर्स्ट शिफ्टला, कुणी सेकंडला. जी घरी असेल तिच्या हवाली पोरं. आमच्या दारामागच्या खिळ्याला सात घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची नाडी. हे कुणी बसून ठरवलेलं नाही आणि कुठे लिहिलेलं तर मुळीच नाही. ज्या गोष्टीचा चार्ट नाही ती चालूच शकत नाही असं माझं ठाम मत. पण ही चालत होती, माझ्या नाकासमोर चालत होती, आणि चालवत होती माझी बायको.

मोहिनीची एक आठवडा फर्स्ट असे, एक आठवडा सेकंड. फर्स्ट असली की ती सहाला बाहेर पडायची आणि सायली उठून आमच्याकडे यायची. दूध, गृहपाठ, वत्सलाच्या हातची वेणी, मग बाराची शाळा. सेकंड असली की मोहिनी पोरीला शाळेत सोडून कामाला जायची, आणि साडेपाचला शाळा सुटली की सायली थेट चिमणाबाईकडे. चिमणाबाई पेठकडच्या डोंगरातली. तरुणपणी द्राक्षबागांत मजुरीला यायची, मग इथंच राहिली. तिच्याकडे सायली जेवायची आणि तिथंच झोपायची; चिमणाबाई कुठे बाहेर असली तर संध्याकाळी आमच्याकडे. सकाळी उठून आईकडे. बदल्यात फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी मोहिनी ओळीतल्या उज्वलाच्या मुलाचा अभ्यास घ्यायची. कुणाचं कुणावर काही नाही, अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मोहिनीला कोर्टाची नोटीस आली. धनराजनं सायलीचा ताबा मागितला होता. कारण सरळ लिहिलं होतं: आई शिफ्टमध्ये काम करते, मुलगी रोज परक्यांच्या घरी असते, फोनवर दरवेळी मागे वेगळीच भिंत दिसते. वडील दिवसभर घरी मागावर असतात, म्हणून मुलगी वडिलांकडे द्यावी. मोहिनीनं ती आमच्या दारात उभ्यानं वाचली. घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "काका, यातलं एकही वाक्य खोटं नाही हो." आणि सव्वादोनची कंपनीची बस पकडायला गेली. त्या दिवशीही तिनं बस चुकवली नाही. मला मात्र जेवण गेलं नाही. सायली नसलेली ती ओळ मला डोळ्यांसमोर आणवेना.

वकील मिळाली ती सीबीएस बसस्टँडजवळच्या एका जिन्यावरची, स्नेहा गांगुर्डे. वयानं तिशीतली, बोलायला फटकळ. मला आवडली, कारण अकराची वेळ दिली आणि अकराला दार उघडलं. तिनं मोहिनीला पहिल्याच भेटीत तीन गोष्टी बजावल्या. "एक, आठचा फोन बंद पडता कामा नये, तुम्हाला कितीही राग येऊ दे. दोन, मुलीसमोर तिच्या बापाबद्दल वाकडा शब्द नाही. तीन, तिला काहीही पढवायचं नाही. पढवलेलं मूल समुपदेशक बाईंना दारातूनच ओळखू येतं."

मोहिनी कामाला लागली. कारखान्यात ऑडिटच्या आधी जशी तयारी करतात तशी तिनं फाइल केली. लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या पालकसभांतल्या तिच्या सह्यांचे फोटो, डॉक्टरांचे कागद, प्रगतिपुस्तकं. शाळेच्या डायरीत तिसरीच्या बाईंनी 'अक्षर सुधारले' असं लिहिलं होतं, त्या पानालाही खूण. व्हॉट्सॲपवर धनराजनं रागानं लिहिलेले चार-पाच निरोपही होते. ते लावू का म्हणून तिनं विचारलं तेव्हा स्नेहा म्हणाली, "त्यानं मुलीबद्दल काही वाईट लिहिलंय?" मोहिनीनं नाही म्हणून मान हलवली. "मग राहू द्या. नवऱ्याचा राग वेगळा आणि बापाचा वेगळा." हे वाक्य मला फारसं पटलं नाही. धनराजचं नाव काढलं तरी माझं डोकं तडकायचं तेव्हा.

आणि नेमकं त्याच डोक्यानं मी माती खाल्ली. कोर्टानं आधी समुपदेशक बाईंकडे पाठवलं होतं. त्या दोघांशी आणि मुलीशी वेगवेगळं बोलणार होत्या. आदल्या संध्याकाळी मी मोहिनीला म्हटलं, "शेजाऱ्यांचं नावच काढू नकोस. तेच तर त्याचं हत्यार आहे. सांग, आता मला फर्स्टच असते आणि मुलगी माझ्याजवळच असते." एकतीस वर्षं लोकांच्या थापा पकडण्यात घालवलेला माणूस मी, आणि थाप सुचवली ती इतकी कच्ची. वत्सला आतून म्हणाली, "काहीतरीच शिकवू नका तिला." पण मोहिनी घाबरलेली होती. शेजाऱ्यांनी पोर वाढवली असं म्हटलं तर आई कमी पडली असाच अर्थ निघणार, असं तिलाही वाटत होतं. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला वाटलं असतं. जे सगळ्या ओळीला ठाऊक होतं, त्याचीच तिला कोर्टात लाज वाटली.

तिनं तसं सांगितलं. आठवड्यानं बाईंनी सायलीला बोलावलं. पोरीला कुणी पढवलं नव्हतं, त्यामुळे तिनं खरं ते सांगितलं. सकाळी वत्सलाआजी, रात्री चिमणाआजी, चिमणाआजीकडे नागलीची भाकर मिळते, तिच्या गोधडीला मांजराचा वास येतो. बाईंनी मग मोहिनीला आत बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही मला वेगळं का सांगितलं होतं?"

मोहिनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. रिक्षात ती फाइल मांडीवर धरून बाहेर बघत बसली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी आलो तर तिथं दुसरंच. मी कोर्टातून वत्सलाला फोन केला होता, त्यामुळे गल्लीत बातमी आमच्याआधी पोचली होती आणि चिमणाबाई आपल्या पायरीवर तोंड फिरवून बसली होती. मोहिनी तिच्याजवळ गेली. चिमणाबाई म्हणाली, "पोर माझ्याकं झोपती त्यात काय चोरी हाय का? माझं घर सांगाया तुला लाज वाटली?" मोहिनीनं तिचे पाय धरले. "लाज नाही, आजी. भीती वाटली." चिमणाबाईनं तिला उठवलं नाही, पण पायही काढून घेतले नाहीत. मी घरात गेलो आणि वत्सलाला म्हटलं, मी गाढव आहे. ती म्हणाली, "चहा ठेवलाय."

स्नेहानं आमची चंपी केली. माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, गल्ली हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा होता आणि तुम्ही तोच लपवायला लावलात. मुलगी चार घरांत फिरते यात वाईट काही नाही. आई ते लपवते, हे वाईट दिसतं." मग मोहिनीला म्हणाली, "तीन आठवड्यांनी दोघांना एकत्र बोलावलंय. तेव्हा खरं लिहून न्या. तासातासाचं. मुलगी कुठे, कुणाजवळ, त्या बाईचा फोन नंबर, सगळं."

तासातासाचं म्हटल्यावर मला एकदम हुरूप आला. चार्ट! ते माझं काम. दुकानातून मोठ्या चौकटीचा आलेखाचा कागद आणला. चार आठवडे, रोजचे चोवीस तास, एक चौकोन म्हणजे अर्धा तास. मोहिनी निळी, वत्सला हिरवी, चिमणाबाई लाल, शाळा पिवळी. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मी रोज एकेकीची जबानी घेऊ लागलो. चिमणाबाईला घड्याळाशी काही देणंघेणं नाही. "दिवा लागला की पोर येती," एवढंच ती सांगणार. मी चिडून विचारायचो, किती वाजता? ती म्हणायची, "तू लाव तुझं किती ते." तिचा रुसवा अजून गेला नव्हता, पण ती रोज येऊन बसायची, आणि तिच्या रंगाची पट्टी किती लांब झाली ते बोटानं मोजायची. चार दिवसांनी ती मोहिनीला म्हणाली, "लय झाली गं माझी पट्टी," आणि हसली. त्या हसण्यानं मोहिनीच्या जिवात जीव आला.

चार्ट पुरा होत आला आणि मला एक भोक सापडलं. टाइमकीपरची नजर त्यासाठीच असते. सोमवार ते शुक्रवार कागदावर रंग दाटीवाटीनं बसले होते. शनिवारी शाळेनंतर सगळा निळा, कारण मोहिनीला सुट्टी. रविवारची दुपार मात्र कोरी. रविवारी शाळा बंद आणि सातपूर चालू. मोहिनी कामावर. उज्वला कामावर. चिमणाबाई रविवारी सकाळीच मखमलाबादला लेकीकडे जाते. वत्सलाचं दुपारी भजनी मंडळ, आणि मी दुपारी झोपतो, हे कबूल करायला हवं. प्रत्येकीला वाटत होतं की रविवारी पोर दुसरीकडे असेल.

सायली शेजारीच रंगाच्या पेन्सिलींना टोक करत बसली होती. मी विचारलं, "काय गं, रविवारी दुपारी तू कुठे असतेस?"

"पायरीवर," ती म्हणाली. "कुणाचं दार उघडं दिसलं की जाते मग."

तिनं ते अगदी सहज सांगितलं. वत्सला स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मला इतकी शरम वाटली की चष्मा पुसण्याचं निमित्त करून मी मान खाली घातली. इतकी वर्षं पोर माझ्या दारासमोरच्या पायरीवर बसत होती आणि मी आत घोरत होतो.

संध्याकाळी मोहिनी आली तेव्हा मी म्हटलं, "रविवारी माझं नाव लिहितो. यापुढे मी झोपणार नाही, म्हणजे खोटंही होणार नाही."

"गेल्या चार आठवड्यांचा चार्ट आहे ना हा?" तिनं विचारलं.

"हो."

"मग गेल्या चार आठवड्यांत तुम्ही झोपला होतात. काका, एकदा तुमचं ऐकलंय मी." मग कागदावरच्या त्या चार कोऱ्या पट्ट्यांकडे ती बघत राहिली. म्हणाली, "रविवारी तिला सांभाळायला हक्काचं माणूस एकच आहे. आणि मी दोन महिने त्याच्याविरुद्ध फाइल लावतेय."

स्नेहाला तिनं तो कागद दाखवला तेव्हा स्नेहानंही सावध केलं. "हे चार कोरे रविवार त्यांच्या वकिलाच्या हातात पडले तर तुमच्यावर उलटू शकतात. आठ वर्षांची मुलगी पायरीवर एकटी, एवढं वाक्य पुरतं. विचार करा." मोहिनीनं दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "असाच नेणार. एकदा लपवून बघितलं. आता नाही." मुलगी जाऊ शकते हे ओळखून ती बोलत होती, आणि मला तिचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या स्वतःच्या मुलाचाही कधी वाटला नाही. मुलाला हे सांगू नका.

तारखेच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. धनराज समोरच्या बाकावर. मी त्याला पाच वर्षांत पहिल्यांदा नीट बघत होतो. उंच, मागावर बसून पाठीला पोक आलेला, हातात कापडी पिशवी. वेळेच्या अर्धा तास आधी आलेला. हे मला आवडलं आणि आवडल्याचा रागही आला. दोघांना आत बोलावलं. वीस मिनिटांनी दार उघडून बाईंनी विचारलं, "हा चार्ट कोणी केलाय?" मी उभा राहिलो. "जरा आत येऊन समजावून सांगता?"

मी आत गेलो. टेबलावर माझा कागद पसरलेला होता. रंग कोणता कुणाचा ते मी सांगायला लागलो, पण धनराजला ते सांगावं लागलंच नाही. पैठणीची नक्षी हे लोक अशाच चौकटीच्या कागदावरून वाचतात, एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. तो कागदावर वाकला आणि त्याचं बोट रांगेरांगेनं सरकू लागलं. "ही लाल कोण?"

"चिमणाआजी," मोहिनी म्हणाली. "तुम्हाला फोनवर जी निळी भिंत दिसते ना, ती तिची."

"आणि हिरवी?"

"वत्सलाकाकू. यांच्या घरातल्या. कॅलेंडरची भिंत."

त्याचं बोट पुढे गेलं आणि पहिल्या रविवारवर थांबलं. मग दुसऱ्या. चारही बघून झाल्यावर त्यानं मान वर केली. "इथं कोण आहे?"

मला वाटलं, संपलं.

"कुणीच नाही," मोहिनी म्हणाली. "रविवारी ती पायरीवर असते. मलाही हा कागद करेपर्यंत नीट माहीत नव्हतं. मी तिला उघड्यावर टाकली असं तुम्ही म्हणू शकता. पण खरं हे आहे, म्हणून आणलं."

धनराज तसं म्हणाला नाही. तो पुन्हा कागदाकडे बघत राहिला. शेवटी बोलला तो बाईंकडे बघून, पण ते मोहिनीसाठी होतं. "मॅडम, रोज आठला मी फोन लावतो. दर वेळी मागं दुसरं घर. दुसऱ्याच बाईचा आवाज, 'सायली, जेवायला ये.' मला वाटायचं, हिला सगळं गाव लागतं पोर वाढवायला, फक्त मी लागत नाय. माग चालवताना डोक्यात तेवढंच. म्हणून केस टाकली. मला काय मागायचं तेच समजत नव्हतं. वकील म्हणाले, ताबा मागा. मी मागितला."

मोहिनीचे डोळे भरून आले. "तुम्ही लागता," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही कधी. मला वाटायचं, तुम्हालाच यायचं नाहीये."

बाई शहाण्या होत्या. त्या मध्ये काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेनांच्या डब्यातली एक जांभळी पेन्सिल काढून धनराजसमोर ठेवली. त्यानं ती उचलली. मग म्हणाला, "मागाला वार नसतो. मी कधीबी बंद ठेवू शकतो. शनिवारी संध्याकाळी मी येतो न्यायला. रविवारी रात्री आणून सोडतो. शाळा इथंच राहू द्या तिची, अक्षर चांगलं होतंय." आणि त्यानं रविवारच्या चौकोनांत रंग भरायला सुरुवात केली. विणकराचा हात, एकही चौकोन रेघेबाहेर गेला नाही. मी भरलेला हिरवा रंग दोन ठिकाणी बाहेर गेला होता, तो त्यानं बघितलाही, पण काही म्हणाला नाही.

पुढचं काम वकिलांचं होतं. सायली आईजवळ राहणार, शनिवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत वडिलांकडे, दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, मे महिन्यात वीस दिवस येवल्याला, आठचा फोन चालू. आजारपणात दोघांनी एकमेकांना लगेच कळवायचं. दोघांच्या सह्या झाल्या आणि पुढच्या तारखेला कोर्टानं ते मंजूर केलं. दोघं पुन्हा एकत्र आले का, असं गल्लीतल्या बाया मला विचारतात. नाही आले. येतील असंही दिसत नाही. पण आता फोनवर धनराज मोहिनीलाही विचारतो, जेवलीस का. एवढं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पहिल्या शनिवारी धनराज पाचला येणार होता आणि पाचला दहा मिनिटं असताना आला. मी घड्याळ बघितलं आणि तोंड बंद ठेवलं. चिमणाबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि नागलीच्या चार भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या. "पोरीला हीच लागती. शिकून घे." त्यानं "हो आजी" म्हटलं. सायलीनं बापाचं बोट धरलं, उड्या मारत गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत पळत येऊन आईला मिठी मारली आणि पुन्हा पळाली. मी आणि मोहिनी त्यांना बसस्टॉपपर्यंत पोचवायला गेलो. बस हलली, सायली खिडकीतून हात हलवत दिसेनाशी झाली, आणि मोहिनी तिथंच फुटपाथच्या कठड्यावर बसून रडायला लागली.

मला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कळत नाही. मी म्हटलं, "अगं, उद्या रात्री येईल ती. कागदावर लिहिलंय."

"त्याचं रडू नाही काका," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. "पाच वर्षांत आज पहिल्यांदा ती माझ्याजवळ नाहीये आणि कुणाच्या उपकारावरही नाहीये. तिच्या बापाकडे आहे."

उपकार हा शब्द मला झोंबला. मी तिच्यावर तिथंच ओरडणार होतो, की आमच्या ओळीत कुणी कधी उपकार म्हणून काही केलं नाही. पण मग लक्षात आलं, ओझं नव्हतं ते आम्हाला. तिनं ते पाच वर्षं रोज वाहिलं होतं, सकाळी किल्ली आमच्या हातात देताना आणि रात्री झोपलेली पोर चिमणाबाईच्या दारातून बघून परत येताना, आणि मी रोज समोर असून मला ते कधी दिसलं नव्हतं. मी तिच्या शेजारी कठड्यावर बसलो. बऱ्याच वेळानं ती उठली, केस नीट केले आणि म्हणाली, "चला काका. उद्या मला फर्स्ट आहे."